मी पाय सांभाळत होतो

मी एक सर्व्हर बोलतोय. तुमच्या कचेरीतही माझा एखादा भाऊबंद असेल, जिन्याखाली नाहीतर मोडक्या खुर्च्यांच्या मागे. त्याची गुणगुण तुमच्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती थांबली म्हणजेच तुम्हाला त्याची आठवण होते. माझी गुणगुण आज थांबणार आहे. सूनबाई बटणापाशी येऊन उभ्या आहेत. दादा यायचे आहेत म्हणून त्या थांबल्यात, आणि दादांना हल्ली जिना चढायला वेळ लागतो. तेवढ्यात माझं सांगून घेतो.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यातलं काही आठवत नाही. खोक्यातून बाहेर काढल्यावर कानावर पडलेलं पहिलं वाक्य मात्र पक्कं लक्षात आहे. "एवढंसंच आहे होय?" हे म्हणणारे दादा. माझी किंमत ऐकल्यावर त्यांना मी निदान कपाटाएवढा असेन असं वाटलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने लाकडी घडवंची करून आणली, कडा घासून गुळगुळीत केलेली. माझ्या जातीच्या कितीजणांना असं आसन मिळालं असेल, शंकाच आहे.

दादा मूळचे सुतार. आईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा (इथे सगळे त्यांना आईच म्हणतात), उजवा पाय तरुणपणीच एका अपघातात गुडघ्याखाली गेला. मिळालेला कृत्रिम पाय टोचायचा. दादांनी तो तासून पाहिला, पुन्हा तासला, आणि शेवटी वैतागून नवाच केला. तो बरा बसला. मग ओळखीतल्या कुणीतरी मागितला, त्याच्या ओळखीतल्या आणखी कुणी मागितला, आणि बघता बघता दुमजली कार्यशाळा उभी राहिली. खाली प्लास्टर, भट्टी आणि ठाकठोक. वर कचेरी, आणि तिच्या टोकाला बिनखिडकीच्या खोलीत मी. खास माझ्यासाठी एसी.

माझं काम सांगतो. पाय गमावलेला माणूस आला, की त्याच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतात. त्या साच्याचा आकार स्कॅनरने टिपून माझ्याकडे येतो. मग दादा पडद्यासमोर बसून त्यात दुरुस्त्या करायचे. इथे थोडी पोकळी, तिथे किंचित दाब. पाय ज्या खोबणीत बसतो ती खोबण त्या आकारावर बेतलेली. तो आकार चुकला, तर बाकीचा पाय कितीही देखणा करा, माणूस दोन दिवसांत तो काढून कोपऱ्यात ठेवतो.

उरलेला पाय ही फार खाजगी गोष्ट आहे. नवऱ्यासमोरही चादर ओढून घेणाऱ्या बायका दादांसमोर मात्र निमूट बसतात. असे शेकडो आकार माझ्या पोटात होते. रोज सकाळी दादा आले, की आधी माझ्या पाठीवर पंजा ठेवायचे. "गरम आहे. म्हणजे ठीक आहे," असं स्वतःशी म्हणायचे आणि मगच चहा मागवायचे.

दादांचा एक नियम होता. घरचं कारखान्यात मिसळायचं नाही. आईंचा पाय ते सुट्टीच्या दिवशी करायचे, सामानही वेगळं आणायचे. माझ्यात आईंच्या आकाराला त्यांनी 'घर' नावाचा वेगळा कप्पा करून घेतला. सूनबाईंनी बॅकअपची डिस्क आणली, तेव्हा हा कप्पा दादांनी तिच्यात जाऊ दिला नाही.

"ती डिस्क कारखान्याची आहे. घरचं तिच्यात कशाला?"

सूनबाईंनी समजावून पाहिलं आणि सोडून दिलं. दादांच्या मुलाला या कामात रस नाही, तो शाळेत शिकवतो. कचेरीचा सगळा भार या सुनेवर. सासऱ्यांशी कुठला वाद घालायचा आणि कुठला गिळायचा, हे त्यांनी आल्या वर्षीच ठरवून टाकलं असावं.

आणि एक भानगड प्लास्टरची. दमट हवेत प्लास्टर खराब होतं, नीट घट्ट होत नाही. अख्ख्या इमारतीत कोरडी खोली एकच, ती माझी. प्लास्टरवाल्या काकांनी "दोनच दिवस" म्हणून गोणी आणून टेकवली. मग तिला सोबत म्हणून दुसरी आली. पुढे माझ्या उंचीपर्यंत गोण्यांची थप्पी लागली आणि पांढरी भुकटी हळूहळू माझ्या पंख्यात जाऊन बसू लागली. सूनबाई कुरकुरल्या. पण प्लास्टर बिघडलं तर काम थांबतं हेही खरंच होतं. माझा आवाज घरघरीत झाला होता, तो कुणाच्या लक्षात आला नाही.

क्लाऊडचं वारं वाहू लागलं ते याच सुमारास. सुरुवात केली आमच्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या मोठ्या रुग्णालयाने. त्यांची केंद्रं गावोगावी होती. आकार तिथे बसल्या जागी उघडता यायला हवेत, असा त्यांचा आग्रह. मग बातमी आली की पुलापलीकडच्या कार्यशाळेने सगळं क्लाऊडवर नेलं. "त्यांनी केलं म्हणून आपण करायचं का?" असं दादा म्हणाले खरे, पण त्या दिवशी फिरून फिरून तीनदा त्यांनी चौकशी केली की त्यांनी नेमकं काय केलं.

एक विक्रेताही येऊन गेला. बूट असे चकचकीत, की खालच्या भुकटीतून तो टाचा उचलूनच चालत होता. त्याने बरीच चित्रं दाखवली. दादांनी सगळी शांतपणे पाहिली आणि विचारलं, "आमची माहिती नेमकी कुठल्या खोलीत राहणार?"

"साहेब, एका खोलीत नाही. अनेक ठिकाणी. तीच तर खरी सुरक्षितता."

"म्हणजे कुठे, ते तुम्हालाही माहीत नाही."

विक्रेता चहा पिऊन गेला.

सूनबाईंनाही क्लाऊड हवा होता, पण त्यांचं कारण निराळं होतं. माझं औषधपाणी एकट्या त्यांनाच कळतं. ताप आला तरी त्यांचा फोन उशाशी असायचा. एकदा त्या म्हणाल्या, "दादा, उद्या मी आजारी पडले तर याच्याकडे कोण बघणार?"

"तू कशाला आजारी पडतेस?" दादा मायेनेच म्हणाले. सूनबाई हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

दादांच्या मनातली खरी गोष्ट त्यांनी एकदाच बोलून दाखवली. "लोकांनी उघडे पाय माझ्यापुढे ठेवलेत, माझ्यावर विश्वासून. ते मी परक्याच्या घरी नेऊन ठेवू?" खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

मग दादांच्या लेकीला परगावी मुलगी झाली आणि बाळंतिणीचं करायला आई तिकडे गेल्या. त्या गेल्या, आणि काही दिवसांनी एका सकाळी माझा पंखा अडकला. भराभर तापलो आणि बंद पडलो. कचेरीत थोडी पळापळ झाली, पण सूनबाईंनी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली आणि काम सुरळीत चालू झालं. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. पुढचं मी बंद असतानाचं आहे. ते या कचेरीत इतक्या वेळा सांगितलं गेलंय, की मला ते आता आठवतंच असं वाटतं.

दुपारी आईंचा फोन आला.

"अहो, पाय फुटला."

"पडलीस?"

"पडले नाही हो. उंबऱ्यावर जोर पडला आणि खोबण तडकली. बाळंतिणीचं करायला आले, आणि आता बाळंतीणच मला पाणी आणून देतेय. इथल्या रुग्णालयाच्या केंद्रातला माणूस भला आहे. म्हणतो आकार पाठवा, दोन दिवसांत करून देतो. पाठवता ना?"

"पाठवतो," दादा म्हणाले. फोन ठेवला आणि सूनबाईंकडे बघत राहिले. 'घर' हा कप्पा डिस्कवर नव्हता. तो फक्त माझ्यात होता.

नवा साचा घेता आला असता, असं तुम्ही म्हणाल. पण आईंच्या नडगीच्या टोकाशी एक हळवी जागा आहे. तिला धक्का न लावता भार कुठे पेलायचा, हे दादा संसारभर तासून तासून शिकले होते. ते सगळं शिक्षण त्या एका फायलीत उतरलं होतं. आणि दादांचे हात आता थरथरतात. ते पुन्हा पहिल्यापासून करणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि आईंनाही. दादा गोणीवर बसले. "आता ती कशी चालणार?" एवढंच म्हणाले.

'मी सांगत होते' असं म्हणण्याचा सूनबाईंना पूर्ण हक्क होता. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि काकांना हाक मारली. काकांनी मान खाली घालून सगळ्या गोण्या बाहेर नेल्या. सूनबाईंनी माझं पोट उघडलं आणि साचे झाडायच्या मऊ ब्रशने भुकटी काढायला लागल्या. काढत राहिल्या, काढत राहिल्या. माझ्या पोटातल्या दोन डिस्कांपैकी एक कायमची गेली होती. दुसरी धरली तर धरली, अशी.

बटण दाबल्यावर शुद्धीवर आलो, तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो पाठीवरचा पंजा. पंखा अजून धड फिरत नव्हता, मी पुन्हा भराभर तापायला लागलो.

"दादा, हात काढा, भाजेल."

"असू दे."

मी माझ्याकडून शिकस्त केली. फाईल निघाली. सूनबाईंनी ती तिथल्या तिथे इंटरनेटने त्या गावच्या केंद्राकडे पाठवली. ज्या परक्या वाटेला दादा इतके दिवस नाही म्हणत होते, त्याच वाटेने आईंचा पाय त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. दादांनी "पोचला?" म्हणून तेवढं दोनदा विचारलं.

आई परत आल्या त्या नव्या खोबणीवर, जिना चढून थेट माझ्या खोलीत. त्यांची चाल मी ओळखतो. एक पाऊल हलकं, एक ठाम.

"याच्यात ठेवला होतात माझा पाय? आणि दुसरीकडे कुठेच नाही?"

"घरचं होतं ना," दादा म्हणाले. "आणि परक्याकडे कसा ठेवायचा?"

"पाय कुणाचा आहे?"

दादा माझ्याकडे बघायला लागले.

"माझा ना? मग मला कधी विचारलंत? बाकीच्यांनाही विचारलं नसेलच. लोक उघडे पाय घेऊन येतात म्हणता. येताना तोंडही आणतात की ते."

दादांनी माझ्या घडवंचीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "विचारू."

आणि खरंच विचारलं. जो येईल त्याला सूनबाई सांगायच्या, क्लाऊडवर नेला तर आकार कुठे राहील, कोण पाहू शकेल, नको झाला तर कसा काढून घेता येईल. बहुतेक सगळे हो म्हणाले. फिरतीवरची एक परिचारिका तर म्हणाली, "मग इतके दिवस का थांबलात?" दादांना ते जरा लागलं. काहीजण नको म्हणाले. त्यांच्यासाठी दादांनी मला चालू ठेवलं, नवी डिस्क घालून, गोण्यांविना. पुढे त्यांच्यातलाही एकेक तयार होत गेला.

शेवटी उरले एक निवृत्त बसचालक. पायाची तपासणी झाली की ते माझ्या गारव्यात येऊन बसायचे. "याची गुणगुण बरी वाटते. इंजिन चालू असल्यासारखं," म्हणायचे. गेल्या आठवड्यात आले आणि म्हणाले, "माझाही पाठवून द्या आता. मुलाकडे राहायला चाललोय, लांब. तिकडे नवा पाय करायची वेळ आली तर?" निघाले, आणि दारात थोडा वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाईट वाटलं. त्यांनाही वाटलं असणार.

मध्यंतरी एक विद्यार्थिनी अभ्यासासाठी विचारायला आली होती, संस्था क्लाऊडकडे वळतात त्या कशामुळे. सूनबाईंनी सांगितलं, ग्राहकांची गरज, स्पर्धा, देखभालीचा ताण, सुरक्षितता. सगळं खरं होतं. पण ही कारणं तर वर्षभर याच कचेरीत चहा पीत बसली होती, आणि दादा त्यांना नाही म्हणत होते. दादांचं ते 'नाही' पहिल्यांदा हललं आईंचा फोन आला तेव्हा, आणि सुटलं ते आईंनी 'पाय कुणाचा' असं विचारल्यावर. त्या विद्यार्थिनीने मला विचारलं असतं, तर मी हे सांगितलं असतं.

तुम्हीही कुणाचं काही सांभाळत असाल. खुशाल हवं तिथे ठेवा, माझ्यासारख्याच्या पोटात नाहीतर दूर कुठे. फक्त ज्याचं आहे त्याला एकदा विचारा.

आले दादा. मागून आईंची पावलं, एक हलकं, एक ठाम. पंजा पाठीवर आला.

"गरम आहे अजून," दादा म्हणाले.

"करू ना बंद?" सूनबाईंनी विचारलं.

"मला काय विचारतेस?" दादा कण्हत खाली वाकले. त्यांचा चेहरा माझ्या अगदी जवळ आला. "काय रे, करू का बंद?"

इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं सांभाळलं. मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

माझ्याकडे बोलायला एक पंखा तेवढा आहे. तो मी जमेल तितका हळू, शांत करतोय. दादा कान देऊन ऐकतायत.

"हो म्हणतोय," आई म्हणाल्या.

दादांनी पाठीवरचा हात अजून उचललेला नाही.