सात जणी, सहा टिळे

सांडोरच्या मैदानावर रेषांची पांढरी फक्की मारताना देवेंद्रचा हात कधी वाकडा जात नसे. तो माणिकपूरच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आणि तालुक्यातल्या कबड्डीचा पंच. बोटभर पाऊल रेषेबाहेर पडलं तरी त्याची शिट्टी वाजायचीच. १९९८च्या त्या रविवारीही सकाळपासून तो दोरी धरून मैदान आखत होता. दुपारी आमच्या महिला मंडळाच्या संघाचा उपांत्य सामना होता.

संघाची कर्णधार मेघना त्याची शाळेपासूनची मैत्रीण. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा अपघातात गेला. दीड वर्षाच्या अनुष्काला कडेवर घेऊन ती वडिलांच्या वाडीत परतली आणि केळीत राबू लागली. तिला पुन्हा मैदानावर ओढलं ते देवेंद्रने. "तुझ्यासारखी घोट्याची पकड तालुक्यात कुणाची नाही. घरात काय बसतेस?" म्हणाला. मग पाच वर्षं दोघं राजोडीच्या किनाऱ्यावर वाळूत पळत राहिले, पकडीवरून भांडत राहिले आणि अनुष्का फेऱ्या मोजत राहिली. एकदा मोजता मोजता पोर वाळूतच झोपली. तिला खांद्यावर घेऊन चालताना देवेंद्र म्हणाला, "ही कायमच माझ्या खांद्यावर राहिली तर?"

मेघनाने पोरीच्या पायाची वाळू झटकली. मग म्हणाली, "आईला विचारलंस?"

"विचारतो. अंतिम सामना होऊ दे."

देवेंद्रची आई, सरलाबाई, मंडळाच्या अध्यक्षा. सामन्याआधी त्या मध्यरेषेवर नारळ फोडत आणि रांगेतल्या मुलींना कुंकू लावत. मेघना दरवर्षी त्या वेळी गुडघ्याला पट्टी बांधायला म्हणून बाजूला सरायची. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सोयीचंही होतं. या वर्षी मात्र ती कर्णधार होती आणि मनात राजोडीचा शब्द होता. ती रांगेत पहिली उभी राहिली.

सरलाबाईंचं बोट तिच्याजवळ येऊन थबकलं आणि पुढच्या मुलीकडे गेलं. सहा टिळे लागले.

"आजी, माझी आई राहिली!" अनुष्का मोठ्याने ओरडली.

"नाय गो बाय, तुझ्या आईला लावत नाय," सरलाबाई हळूच म्हणाल्या. "आपल्यात तशी रीत नाय."

"गप बस गं, मोठ्यांच्यात बोलू नये," गर्दीतून कुणीतरी पोरीला दटावलं.

मेघनाने देवेंद्रकडे पाहिलं. देवेंद्रने घड्याळाकडे पाहिलं आणि सामना सुरू करायची शिट्टी वाजवली.

मेघनाने त्या दिवशी पाच पकडी केल्या. सामना जिंकला. टाळ्या वाजवण्यात आम्ही काही कमी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वाडीत गेला. ती केळीची पानं कापत होती.

"मेघना, चुकलं माझं."

"कुणासमोर चुकलं?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सगळ्यांसमोर."

"मग माफी मला एकटीला गाठून का मागतोस? कुंकवाचं मला काही नाही रे. पण पोर सकाळपासून विचारतेय, आई, तू खेळायच्या आधीच बाद झालीस का? काय सांगू तिला?"

देवेंद्र तसाच मागे फिरला. घरी जाऊन त्याने आईला लग्नाचं सांगितलं. सरलाबाई रडल्या, दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत आणि पुढच्या रविवारी, अंतिम सामन्याला, नेहमीसारखं कुंकवाचं तबक घेऊन मैदानावर आल्या. मेघना पुन्हा पहिली उभी होती. बोट पुन्हा थबकलं, पुढे गेलं आणि दुसरीच्या कपाळाला लागलं.

शिट्टी वाजली.

"आई, थांब. एक खेळाडू राहिली," देवेंद्र म्हणाला. "गेल्या रविवारीही राहिली होती. मी पाहिलं आणि घड्याळात तोंड लपवलं. पाच वर्षं ही पट्टी बांधायला बाजूला जाते, तेही पाहत आलो. जिच्याशी लग्न करायचं म्हणतो, तिच्यासाठी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मला लाज वाटते." त्याने शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "असा सामना मी खेळवणार नाही."

सरलाबाईंच्या हातातलं तबक एका बाजूला कललं. मेघना पुढे झाली आणि तिने ते खालून धरलं.

"काकू, मन होत नसेल तर मला लावू नका," ती म्हणाली. "पण मग कुणालाच लावू नका."

रांगेतल्या दुसऱ्या मुलीने बाहीने कपाळ पुसलं. उरलेल्या पाच जणींना सरलाबाईंनी कुंकू लावलंच नाही. तबक घेऊन त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मग मेघनाने टेबलावरची शिट्टी उचलली आणि देवेंद्रच्या हातात दिली.

तो अंतिम सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. पुढच्या मे महिन्यात त्या दोघांचं लग्न झालं. सरलाबाई आल्या, उशिरा आल्या, पण आल्या. मंडळात कुंकवाचं तबक पुन्हा निघालं नाही.

लोक देवेंद्रचं कौतुक करतात. पण त्या पहिल्या रविवारी मैदानाभोवती आम्ही दोनशे माणसं होतो आणि खरं बोलली ती एकटी साडेसात वर्षांची पोर. तिला 'गप बस' म्हणणारी मी होते, मंडळाची चिटणीस. अनुष्का आता माझ्या घराशेजारच्याच मैदानावर मुलींना कबड्डी शिकवते, भेटली की हसून 'मावशी' म्हणते. तिला बहुधा आठवत नाही. मला आठवतं.