एकटी नळी परत पाठवा

मित्रांनो, पुढील मजकुरात मी माझा जन्म, माझी नोकरी, माझी झालेली अवहेलना आणि मंजिरी नावाच्या मुलीवर ओढवलेला प्रसंग क्रमवार निवेदन करणार आहे. निवेदन करताना माझा आवाज चढला तर क्षमा असावी. मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मी एक जुना, दोन भोकांचा सागवानी ठोकळा आहे. रायपूर शहरातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. रुग्णालयाचे नाव मी सांगत नाही. अशी चूक कोठेही होऊ शकते, आणि नाव सांगितले तर इतर ठिकाणचे लोक निश्चिंत होऊन झोपतील.

सन १९७६ मध्ये तात्यापाऱ्यातील शालिग्राम सुतारांनी एका दाराच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवले. घडवून घेणारे यशवंतराव हे प्रयोगशाळेचे मुख्य तंत्रज्ञ होते. शालिग्रामांनी लाकूड उलटसुलट करून पाहिले व म्हणाले, “दोनच भोकं? एवढ्यात बारा निघतात, साहेब.”

“दोनच पाडा,” यशवंतराव म्हणाले. “तिसरं असलं की कोणीतरी त्यात पेन खुपसते.”

माझ्या डाव्या भोकाभोवती लाल रंग लावण्यात आला. तेथे रक्ताची नळी ठेवायची. उजव्या भोकाभोवती पांढरा रंग. तेथे पाठीच्या पाण्याची. या दोन नळ्या एकाच वेळी काढायच्या आणि माझ्यात बसवून सोबतच आणायच्या, एवढेच माझे काम होते. हे काम लहान आहे असे ज्यास वाटेल त्याने पुढील परिच्छेद दोनदा वाचावा.

आपल्या मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. ग्रंथांत त्यास मेरुद्रव म्हणतात. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो काढतात, म्हणून दवाखान्यात सगळे त्याला पाठीचे पाणी म्हणतात. हे पाणी रक्तापासूनच तयार होते. मेंदूच्या आत पोकळ्या आहेत, त्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे झुबके आहेत आणि त्या झुबक्यांवर पेशींचा घट्ट थर आहे. दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर नवे पाणी तेथून पाझरते. परंतु रक्तातील प्रत्येक पदार्थास तो थर आत सोडत नाही. प्रथिने बहुतेक बाहेरच थांबतात. कित्येक औषधे कशीबशी आत शिरली तरी तो थर त्यांना पकडून पुन्हा रक्तात टाकतो. साखरेसाठी मात्र राखीव दारे आहेत. रक्तात शंभर साखर असेल तर पाण्यात साठ-पासष्ट असते. रक्तातील साखर वाढली की काही तासांनी पाण्यातीलही वाढते. पण मेंदूच्या आवरणात जंतू शिरले म्हणजे ही दारे नीट चालत नाहीत, आणि आत आलेली साखरही तेथेच खर्ची पडते. मग पाण्यातील साखर रक्ताच्या मानाने फार कमी होते. रक्ताच्या मानाने, हे शब्द ध्यानात ठेवा. पाण्यातील साखरेचा आकडा एकटा मुका असतो. शेजारी रक्ताचा आकडा ठेवला की तो बोलू लागतो.

यशवंतरावांनी हे ज्ञान शिकाऊ मुलांना माझ्याकडे बोट दाखवून वर्षानुवर्षे दिले. एकटी नळी आली तर ती घेत नसत. सेवक मारोती एकदा घाईत फक्त पाण्याची नळी घेऊन आले, तेव्हा यशवंतरावांनी चष्मा वर केला.

“काय रे मारोती, नवरदेव आणला अन् नवरी घरीच विसरला का?”

“साहेब, वॉर्डात कोणी दिलीच नाही.”

“मग वरात परत ने.”

मारोती परत गेले. त्या काळी कोणीही परत जाई, त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. एका मोठ्या डॉक्टरांनी तर मला हातात घेऊन म्हटले होते, “हा लाकडाचा तुकडा माझ्या दोन्ही सहायकांपेक्षा हुशार आहे.” ते ऐकून माझ्या अंगावरील तेल चकाकले, असे मला वाटते.

नंतर यशवंतराव निवृत्त झाले. सन २००० मध्ये रायपूर नव्या छत्तीसगड राज्याची राजधानी झाले, शहरात नव्या इमारती उठल्या आणि आमच्या रुग्णालयालाही एक मिळाली. प्रगतीस माझा विरोध नाही. परंतु नव्या इमारतीत रक्ताची खिडकी तळमजल्यावर ठेवण्यात आली आणि पाठीच्या पाण्याची दुसऱ्या मजल्यावर! दोहोंच्या चिठ्ठ्या वेगळ्या, दोहोंचे संगणक वेगळे. ज्या दोन नळ्यांना यशवंतरावांनी चोवीस वर्षे एकमेकींपासून दूर होऊ दिले नाही, त्यांच्यामध्ये चाळीस पायऱ्या आल्या. पन्नास भोकांचे प्लास्टिकचे स्टँड आले. मला फळीवर ठेवून माझ्या भोकांत अगरबत्त्या खोचण्यात आल्या. राख अंगावर पडे, ती मी सोसली. माझा नियमही माझ्याबरोबर फळीवर चढवला गेला, हे मी सोसणार नाही.

आता मंजिरीचे ऐका.

सन २००४ च्या फेब्रुवारीत रायपूरलगतच्या बीरगांवातील नरहरी नावाच्या गृहस्थांची एकोणीस वर्षांची मुलगी तापाने आजारी पडली. नरहरी उरला या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात कामाला होते. मंजिरीचे डोके ठणकत होते, उलट्या होत होत्या, मान वाकत नव्हती. आमच्या भागात ताप आला की प्रथम बाटली, म्हणजे सलाईन, चढवण्याची रीत आहे. डॉक्टरने चढवली नाही तर लोक डॉक्टर बदलतात. नरहरींनीही गल्लीतल्या दवाखान्यात आग्रह धरून ग्लुकोजच्या दोन बाटल्या चढवून घेतल्या, सोबत काही इंजेक्शने झाली. दुसऱ्या दिवशी मंजिरी आमच्याकडे आली. उलट्या चालूच होत्या, म्हणून येथेही ग्लुकोज लावले गेले. मग पाठीचे पाणी काढले. चिठ्ठी एकच निघाली. मारोतींनी एकच नळी दुसऱ्या मजल्यावर आणली. इरावती नावाच्या नव्या तंत्रज्ञ मुलीने ती यंत्राला दिली. साखर चौसष्ट आली. संगणकात मर्यादा पंचेचाळीस ते ऐंशी अशी लिहिलेली होती, सबब लाल खूण उमटली नाही. आधीच्या इंजेक्शनांनी जंतू अर्धवट दबले होते, म्हणून पाण्यातील पांढऱ्या पेशीही थोड्याच वाढलेल्या दिसल्या. वॉर्डातील डॉक्टर भार्गवांनी अहवाल वाचला, साधा विषाणूचा ताप ठरवला आणि आल्याबरोबर सुरू केलेली जंतूंवरील इंजेक्शने बंद केली.

मित्रांनो, प्रत्येकाने आपापल्या खिडकीचे काम बरोबर केले होते. याचाच मला सर्वाधिक संताप येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नरहरी जिना चढून आमच्या खिडकीशी आले.

“दीदी, मंजिरीच्या रिपोर्टची कापी द्या. डॉक्टर म्हणते साखर-गिखर सगळं बरोबर आहे. मग पोट्टी मले काहून नाही ओळखून राहिली?”

इरावतीच्या घरी मराठी बोलत, पण ती उत्तर हिंदीत देई. “अंकल, रिपोर्ट तो नॉर्मल है।”

“नॉर्मल आहे? सकाळपासून मले ‘सर, सर’ म्हणून राहिली. मी तिचा बाप आहो, मास्तर नाही!”

“कुछ खाया उसने?”

“दोन दिवसांपासून पोटात दाणा नाही. बाटलीवरच आहे. दोन बीरगांवात चढवल्या, अन् इथं आल्यापासून लागूनच आहे.”

“कौन सी बॉटल?”

“ग्लुकोजची. ताकद यावी म्हणून.”

इरावतीच्या हातातील कागद तेथेच थांबला. ती मागे वळली. “मारोती भैया, कल इसका ब्लड शुगर नीचे दिया था?”

मारोती म्हणाले, “चिठ्ठी एकच होती. मी एकच आणली.”

“और मैंने पूछा भी नहीं,” इरावती म्हणाली, आणि तिने डॉक्टर भार्गवांना फोन लावला.

मारोतींनी मला फळीवरून काढले. अगरबत्त्यांच्या काड्या उपसल्या, फुंकर मारून राख उडवली, मला नळाखाली धुतले आणि खाली मंजिरीच्या खाटेशी नेले. डॉक्टर भार्गवांनी पाणी पुन्हा काढले, त्याच मिनिटाला रक्तही काढले. लालमध्ये लाल, पांढऱ्यात पांढरी. चार वर्षांनी माझी दोन्ही भोके भरली, पण मला आनंद झाला नाही, कारण पांढऱ्यातील पाणी आता गढूळ होते. रक्तात साखर दोनशे दहा, पाण्यात बासष्ट. तिसरा हिस्सासुद्धा नाही! जवळपास तोच आकडा, जो आदल्या दिवशी सर्वांना ठीक वाटला होता.

इंजेक्शने तासाभरात पुन्हा सुरू झाली. मध्ये सव्वीस तास गेले होते.

मंजिरीने पाचव्या दिवशी वडिलांना ओळखले. सहाव्या दिवशी नरहरी तिला घरी नेऊ म्हणाले, तेव्हा भार्गवांनी त्यांना बसवून समजावले की सूज असते तेव्हा पेशींचा तो घट्ट थर ढिला पडून औषध आत जाऊ देतो, आणि रोगी सुधारू लागला की तोच थर औषध अडवू लागतो. म्हणून बरे वाटले तरी मात्रा कमी करायची नाही. नरहरी थांबले. चौदा दिवस पूर्ण झाले. मुलगी वाचली. तिच्या डाव्या कानाने ऐकू येणे मात्र त्या सुजेपायी कायमचे गेले.

घरी जाण्याच्या दिवशी नरहरी पेढ्यांची डबी घेऊन वर आले. मंजिरी सोबत होती. इरावती तिच्या डाव्या बाजूने काही बोलली, तर ती समोरच पाहत राहिली. नरहरींनी तिला हलकेच खांद्याला धरून वळवले.

“तुमच्यामुळं वाचली,” ते म्हणाले आणि त्यांनी मारोतींच्या हातावर पेढा ठेवला.

मारोतींनी तो तोंडात टाकला नाही. “भाऊ, पहिल्या दिवशी दोन नळ्या आणायच्या होत्या. मी एकच आणली. मले नियम माहीत होता. चोवीस वर्षं पाळला होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे तिचा कान वाचला असता कदाचित.”

“मी पण नाही विचारलं, काका,” इरावती मराठीत म्हणाली.

नरहरींनी मारोतींच्या हातावरील पेढा उचलला आणि डबीत परत ठेवला. झाकण लावले.

“कोणाले सांगितलं हे?”

“कोणालेच नाही.”

“मग लिहा. मले कागद द्या. बीरगांवात सगळेच बाटली चढवून येते, अन् इथं कोणी विचारत नाही. मी घरोघरी वाचून दाखवीन. तुमचं नाव खाली पाहिजे.”

मंजिरी म्हणाली, “बाबा, मोठ्यानं बोला ना. मले अर्धंच ऐकू आलं.”

तिच्यासाठी ते सर्व मारोतींना पुन्हा, उजव्या बाजूला उभे राहून, मोठ्याने सांगावे लागले.

मित्रांनो, म्हणून हा कागद आहे. तुमच्या घरी कोणास ताप आला, मान आखडली, तो बरळू लागला, तर बाटलीसाठी अडून बसू नका. त्याला तातडीने मोठ्या दवाखान्यात न्या. बाटली चढवली असेल तर कोणती व किती, हे न विचारता सांगा. पाठीचे पाणी काढतील तेव्हा रक्तही त्याच वेळी काढले का, हे विचारा. विचारल्याने डॉक्टर रागावले तर रागावू द्या. आणि जे पुढे प्रयोगशाळेत काम कराल, त्यांना मी आज्ञा करतो, विनंती करीत नाही: चिठ्ठी काहीही म्हणो, एकटी नळी आली तर परत पाठवा.

या ठोकळ्याचे म्हणणे मी माझ्या अल्पशिक्षित हाताने लिहिले आहे. त्यात ज्याचा दोष लिहिला आहे तो मीच. आपण शेवटपर्यंत वाचले, याबद्दल मनःपूर्वक आभार.

मारोती लांजेवार
प्रयोगशाळा सेवक, तात्यापारा, रायपूर