ब्रेकमहाराजांचं पाणी

उताराच्या मधोमध, रस्ता जिथे थोडा रुंद होतो, तिथे ब्रेकमहाराजांचं ठाणं होतं. वरून आलेल्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. बॉनेट उघडी, मालक हात जोडून. वरच्या उतारावर मऊ पडलेला ब्रेक महाराजांच्या मंत्राने दगडासारखा कडक होतो, अशी ख्याती पसरली होती. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत महाराज काय करत होते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. चमत्कार फुकट बघायला मिळत असताना नसत्या चौकशा करणारं त्या गर्दीत एकच माणूस होतं, आणि ते एका मोठ्या एसयूव्हीच्या सर्वांत मागच्या सीटवर अडकून पडलं होतं.

अडकून म्हणजे अक्षरशः. त्या सीटला दारच नव्हतं. मधल्या सीटवरच्याने उठून सीट दुमडली तरच बाहेर पडता येई, आणि मधल्या सीटवर सासूबाई होत्या. सासूबाईंचे गुडघे आणि सासूबाईंची मतं, दोन्ही सहजासहजी वाकत नसत. त्यांच्या शेजारी पाच वर्षांची छकुली आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

घरची रीत ठरलेली होती. मुलगा स्टिअरिंगवर, सासरे त्याच्या शेजारी सूचना द्यायला आणि सून मागे, सामानासोबत. वास्तविक ही सून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. खुद्द नवराही गाडी तिच्याचकडे शिकला होता. त्यातूनच पुढे लग्न जमलं, पण घरात तो विषय कुणी काढत नसे. शिकवणारीच्या गाडीत तिच्या पायाशी जादा ब्रेक असतो. इथे मागे नुसती चटई होती, आणि अख्खा उतारभर तिचा उजवा पाय ती चटईच दाबत होता.

पेडल खाली जातंय, हे तिला नवऱ्याच्या खांद्यांवरूनच कळलं होतं. खालचा गिअर आणि हँडब्रेक यांच्या जिवावर त्याने कशीबशी गाडी इथवर आणली होती. सासरे मात्र खुशीत होते. महाराजांनीच आपल्याला दारात ओढून आणलं, असं त्यांचं म्हणणं. ते जुने भक्त. गेल्या वर्षी गाडी नवी घेतली तेव्हा महाराजांनी ब्रेक ऑइलच्या डबीत मंतरलेलं पाणी घातलं होतं. आता गाडीला जन्मभर चिंता नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. जन्म वर्षभरातच आटोपला, हे सासऱ्यांच्या लक्षात आलं नाही. जुन्या भक्तीचा मान म्हणून त्यांना रांगेतही थांबावं लागलं नाही. चाकांतून जळका वास येतच होता, तोवर गाडी महाराजांपुढे उभी.

“इंजिन बंद, मन चालू,” महाराज म्हणाले. “रस्ता तुझा, वेग त्याचा, ब्रेक माझा. मी म्हणतो तसं म्हणत पेडल दाबत राहा.”

मंत्रात अर्थ कमी आणि ठेका जास्त होता. नवरा दाबत राहिला. मंत्र संपता संपता पेडल खरोखरच ताठ झालं. सासऱ्यांनी वाकून हाताने दाबून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. गर्दीने जयजयकार केला. महाराजांनी तांब्यातलं चमचाभर पाणी पुन्हा डबीत सोडलं, झाकण लावलं आणि नियम सांगितला. खालचं पहिलं वळण ओलांडेपर्यंत ब्रेकची परीक्षा घ्यायची नाही. जो परीक्षा घेईल, त्याचा ब्रेक जागीच मऊ पडेल.

खालचं पहिलं वळण आंधळं होतं आणि पलीकडे दरी होती. ते ओलांडायला ब्रेकच लागणार होता. एवढा साधा विचार इतक्या डोक्यांपैकी एकातही शिरला नाही, याचा तिला संताप आला.

“इंजिन सुरू करा आणि इथेच एकदा पेडल दाबून बघा,” ती मागून नवऱ्याला म्हणाली.

“महाराजांनी काय सांगितलं ते ऐकलंस ना?” सासरे मान न वळवता म्हणाले.

“ऐकलं, बाबा. म्हणूनच सांगतेय.” मग ती आरशात नवऱ्याकडे बघून म्हणाली, “पहिल्या दिवशी मी काय शिकवलं होतं? इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाचदा दाबला की काय होतं?”

नवऱ्याने आरशातली नजर खाली वळवली. त्याला आठवत होतं. पण वडिलांसमोर कुणाकडून शिकलो हे बोलायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा यायचा. तो महाराजांकडेच बघत राहिला, आणि त्या बघण्याची तिला दरीपेक्षा जास्त भीती वाटली.

महाराजांचे कान तिखट होते. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. गाडीत एक शंकेखोर जीव आहे, तो खाली उतरला पाहिजे, नाहीतर मंत्राची जबाबदारी आपली नाही, असं त्यांनी गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सासूबाई लगेच उठल्या. सीट दुमडली गेली, आणि सकाळपासून न मिळालेली वाट एका क्षणात मोकळी झाली. ती उतरली आणि झोपलेल्या मुलीसाठी हात पुढे केले.

“ती असू दे आमच्याबरोबर,” सासूबाई म्हणाल्या. “तू ये मागून, दुसऱ्या कुणाच्या गाडीने.”

सुटका झाली होती, आणि जीव आतच राहिला होता. तिने दार धरून ठेवलं. ती म्हणाली, “छकुलीला घेतल्याशिवाय मी दार सोडणार नाही. किंवा मग इंजिन सुरू करा आणि ब्रेक दाबा. पेडल कडक राहिलं तर मी महाराजांचे पाय धरीन.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. त्याने हँडब्रेक घट्ट ओढला आणि किल्ली फिरवली. पेडलवर पाय ठेवला. पेडल सावकाश चटईला जाऊन टेकलं.

“परीक्षा घेतली!” महाराज गरजले. “म्हटलं नव्हतं?”

“आता इंजिन बंद करा,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि मंत्राऐवजी बेचा पाढा म्हणत दाबा.”

बे एके बे, बे दुणे चार. नवऱ्याने भर गर्दीत मोठ्याने पाढा म्हटला. बे पाचे दहापर्यंत पेडल पुन्हा ताठ झालं. इंजिन सुरू, पेडल खाली. रांगेतल्या दोघा-चौघांनी आपापल्या गाडीत तेच करून पाहिलं. ज्यांच्या गाडीला काही झालंच नव्हतं, त्यांचंही पेडल दगड झालं. गर्दीत हसू फुटलं.

मग तिने समजावून सांगितलं. चालू इंजिन पायाला जोर देतं. बंद केलं की शिल्लक जोर दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल जड होतं, मग तुम्ही मंत्र म्हणा नाहीतर पाढा. भराभर दाबल्याने ते थोडं वरही येतं. रांगेत थांबणाऱ्यांची चाकं तेवढ्यात निवतात, म्हणून त्यांना गुण आल्यासारखा वाटतो. आणि मुळात ब्रेक मऊ पडतो, तो ऑइलमध्ये पाणी गेलं की. उतारावर ऑइल तापतं, त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते. वाफ नुसती दबते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

“म्हणजे वर्षापूर्वीचं ते पाणी?” सासऱ्यांनी विचारलं. तिने मान डोलावली.

महाराज म्हणाले, पाणी साधं नव्हे, मंतरलेलं आहे. त्यात उकळण्याचा दोष नाही.

“मग तुमच्या गाडीत घालू या की,” ती म्हणाली. ठाण्यामागे महाराजांची स्वतःची चकचकीत गाडी उभी होती. तिने तांब्याकडे हात नेला मात्र, महाराजांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. भक्तांच्या डबीत इतकं उदार असणारं पाणी स्वतःच्या डबीत जाऊ द्यायला ते तयार नव्हते. गर्दीला याहून वेगळं काही सांगावं लागलं नाही. लोक आपापल्या गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून आत बघू लागले.

क्रेन बोलावली. ती येईपर्यंत सासरे दगडावर बसून होते. छकुली जागी झाली आणि आजोबांना विचारू लागली, आपण खाली का जात नाही? सासऱ्यांनी तिला जवळ घेतलं. ते म्हणाले, “मी तुला मारलंच होतं गं पोरी. हात जोडायच्या आधी एकदा ब्रेक दाबून बघायला हवा होता.”

पुढच्या आठवड्यात सासरे ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभे राहिले. नाव नोंदवणाऱ्याने विचारलं, कुणाकडे शिकायचंय? त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनेचं नाव सांगितलं. वाचकहो, पुढ्यातला चमत्कार खरा असेल तर तपासल्याने तो मोडत नाही. म्हणून आधी तपासा, मगच उतार उतरा.