दोऱ्याचं माप

दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक गावोगाव फिरू लागत, आणि शिरूर कासारच्या आमच्या वसतिगृहाच्या ओट्यावर आया आपापल्या पोरींची मापं घ्यायला बसत. माप म्हणजे एक पांढरा दोरा. पोरीला भिंतीला पाठ लावून उभी करायची, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत दोरा ताणायचा आणि तिथे गाठ मारायची. दुसरी गाठ छातीच्या घेराची. मग तो दोरा गुंडाळून कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या पुडीशेजारी. हंगाम संपेपर्यंत ऊस तोडायचा आणि परत निघताना तिकडच्याच बाजारात त्या दोऱ्याबरहुकूम फ्रॉक घ्यायचा.

तोवर पोरी वाढत, हे त्या बायकांना कळत नव्हतं असं नाही. पण दोरा लेकराच्या अंगापेक्षा लांब धरला तर लेकराला दृष्ट लागते, वाढ खुंटते, असं त्या मानत. आहे तेवढंच मापायचं. त्यामुळे दरवर्षी पाडव्याच्या सुमाराला आलेला प्रत्येक फ्रॉक तोकडा निघे, आणि मी कात्री घेऊन उसवत, जोड देत बसे. ते काम मला आवडायचं. कुणाची पोर किती वाढली हे तिच्या आईला मी दाखवून द्यायची.

ते वसतिगृह साखर कारखान्याच्या संस्थेनं काढलं होतं. आता तिथे मंगल कार्यालय झालंय म्हणतात. कागदावर मी गृहमाता होते, पोरींची शिवामावशी. आई म्हणायचं नाही, असा संस्थेचा नियम होता आणि नव्या पोरीला तो पहिल्या दिवशी मीच सांगायची. माझं माहेर अंबाजोगाईचं, भावाचं कापडाचं दुकान. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत भावजयीच्या हाताखाली दिवस काढण्यापेक्षा हे बरं, म्हणून आले आणि रमले.

भामा आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडायचे होते. ते पडले माझ्याकडे, नवे आले माझ्याकडे. झोपताना माझा पदर मुठीत धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. तिला गोवर झाला तेव्हा मी उशाशी बसले, पहिली बाराखडी मी गिरवून घेतली. आणि एवढं सगळं होऊन ही पोर बोलायची कुणाचं? आईचं. आई असं म्हणती, आई तसं करती. मी तेल लावून, गुंता सोडवून वेणी घालायची आणि ही म्हणायची, "मावशी, आईच्या हातानं वडत न्हाईत केस."

अर्धं वर्ष जी इथे नाही, तिच्या हातानं केस ओढत नाहीत!

तिच्या आईचं नाव छबुबाई. काटकुळी, मोठ्या आवाजाची, हसली की रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, अन्न गोड लागू नये इतका.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. संक्रांतीलाच आमच्या अंगणातल्या विहिरीचा तळ दिसला. कारखान्यालाही ऊस पुरला नाही, धुराडं लवकर थंडावलं. पाडव्याला कारखान्याकडून पोरींसाठी साखरेच्या गाठी यायच्या, त्या यंदा आल्या नाहीत. आला तो कारखान्याचा टँकर, एक दिवसाआड. त्यावर बंकट नावाचा ड्रायव्हर होता. आम्हाला पाणी देऊन तो पुढे डोंगराकडच्या वस्त्यांवर जायचा.

पाडव्यासाठी मी भामाला फ्रॉक शिवला. भावाच्या दुकानातून पिवळं कापड आणवलं, त्यावर बारीक निळी फुलं. हातमशीनवर दुपारच्या वेळी शिवायची. माप घेतलं नाही. मला लागत नव्हतं. पाडव्याच्या सकाळी तिला घातला तर जणू अंगावरच विणल्यासारखा बसला. भामा गोल फिरली, घेर फुलला, आणि मला वाटलं, आता बघू दे छबुबाईला.

दुपारी ट्रक आले. उन्हानं काळवंडलेल्या, पाचटानं हात ओरबाडलेल्या बाया उतरल्या. छबुबाईच्या मागे तिचा नवरा आश्रुबा, डोक्यावर बोचकं.

"अगं बया, ही कुनाची पोर?" छबुबाई दारातूनच ओरडली. "माजी तर येवढीशी व्हती! माजी भामा कुठं हाय?"

"मीच हाय!" भामा किंचाळली.

"चल! माज्या भामाच्या फुडचे दात न्हाईत."

"आले! हे बघ, आले!"

मग जी मिठी पडली ती मी बघितली नाही. मी बोचक्याकडे बघत होते. छबुबाईनं त्यातून एक लालभडक नायलॉनचा फ्रॉक काढला, गळ्याला झालर. भामानं तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर माझा पिवळा फ्रॉक उतरवला आणि लाल डोक्यातून घातला. तो खांद्यावर अडला. मायलेकींनी दोन्हीकडून ओढला, हसत हसत. बसला एकदाचा. गुडघ्याच्या वर वीतभर आणि काखेत असा काचत होता की पोरीचे हात पंखांसारखे बाजूला राहिले.

"छबुबाई, फाटेल तो," मी म्हणाले. "द्या इकडे, उसवून देते. खाली पिवळ्याचीच पट्टी लावते."

"नगं!" भामानं दोन्ही हात पोटाशी घेतले. "कापायचा न्हाई. आईनं माप घेतलंय."

"अगं, हात वर होत नाहीत तुझे."

"मला न्हाई करायचे वर."

सगळा ओटा हसला. छबुबाईनं माझा पिवळा फ्रॉक जमिनीवरून उचलला, झटकला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला. "ह्यो बी लई ब्येस हाय, मावशी. ठिवा, कुन्या दुसऱ्या पोरीला व्हईल."

ती मनात काही ठेवून बोलली नव्हती. ती तशी बाईच नव्हती. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"वस्तीवर पाणी आहे का?" मी आश्रुबाला विचारलं.

"न्हाई जी. आड आटलाय. आठवड्यातनं कवातरी टँकर येतो म्हन्त्यात."

"मग पोरीला कशाला नेता? इथे एक दिवसाआड पाणी येतं. जोंधळा आहे, डाळ आहे. तुम्ही दोघं जाणार रोजगार हमीवर खडी फोडायला. ही उन्हात काय करणार? उन्हाळाभर राहू दे माझ्याकडे."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर माझा आवाज इतका ठणठणीत होता. आजूबाजूच्या बाया मान डोलवायला लागल्या. छबुबाई भामाच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. खरंच, ओढत नव्हते.

"मावशी म्हन्त्यात ते बराबर हाय," ती शेवटी म्हणाली. "ऱ्हा बाई हितंच."

"मी येनार."

"पानी न्हाई गं तिकडं."

"मी न्हाई पेनार पानी."

आश्रुबा चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्यानं बोचकं उचललं. ट्रक गेला, धूळ बसली, आणि भामा फाटकाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली. मी आत भाकरी टाकायला गेले. मला हवं ते मिळालं होतं. पूर्ण उन्हाळा.

उन्हाळ्यात वसतिगृहात चार-दोन पोरी राहत, ज्यांना नेणारं कुणी नव्हतं. त्यांच्यात भामा. लाल फ्रॉक ती काढेना. धुवायला काढला तरी वाळेपर्यंत दोरीखाली उभी राही. माझ्याशी बोलणं बंद. पदर धरणं बंद, भिंतीकडे तोंड करून झोपायची. आणि वेणी घालून घ्यायला जायची सुंदरबाईकडे, आमच्या स्वयंपाकीणबाईकडे. सुंदरबाईचे हात कायम पिठाचे. भामाच्या वेणीत पांढरं पीठ दिसलं की मला सुंदरबाईचाही राग यायचा.

"इकडे पाठव तिला," मी म्हणायची. "मी घालते."

"येत न्हाई म्हन्ती. मी काय बांधून आनू?" सुंदरबाई फणी तोंडात धरून बोलायची. "मावशी, तुमचं त्वांड आसं का झालंय? सवत आल्यावानी?"

"तू तुझं काम कर."

"करतेच की. आता तुमचं बी करायलेय."

टँकर आला की भामा धावत बंकटच्या खिडकीशी जायची. मी पाइप हौदात धरून उभी असायची आणि ऐकायची.

"मामा, आमच्या वस्तीवर जातूस का?"

"तिकडंच चाललोय. चल, येतीस? पर तुजी मावशी मला हौदात बुडवंल."

"हौदात पानीच न्हाई येवढं."

बंकट हसायचा. एकदा तो म्हणाला, "तुजी माय भेटली व्हती परवा. खडीवर हाय. विचारीत व्हती, फ्रॉक व्हतोय का म्हनून."

मी पाइप धरून भामाकडे बघितलं. काखेतली शिवण दोन्हीकडून उसवली होती, आतली कातडी लाल झाली होती. रात्रंदिवस तो घालून तिला पुरळ उठलं होतं, आणि औषध लावायला ती मला हात लावू देत नव्हती.

"व्हतोय म्हनावं," भामा म्हणाली. "सैल व्हतोय."

हौद भरून पाणी वाहून चाललं तेव्हा सुंदरबाई ओरडली. मला कळलंच नव्हतं.

सैल होतोय! माझ्यासाठी ही पोर कधी असं खोटं बोलली नव्हती. माझी बाराखडी गिरवताना नाही, माझ्या हातचं दोडक्याचं कालवण नको असताना नाही. मला ती सगळं तोंडावर सांगायची. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हेवा आधीही वाटायचा, पण त्यात कुठेतरी आशा होती. आता उरलं ते रोज फाटकातली तिची पाठ बघणं. पाठच बघायची तर जाताना तरी बघू, असं मनाशी म्हटलं.

पुढच्या फेरीला बंकट आला तेव्हा मी भामाची पिशवी भरून ठेवली होती.

"कुटं निघालाव?" सुंदरबाईनं विचारलं.

"हिला पोचवायला."

"आन् मंग ठिवली कावून व्हती?"

"पीठ मळ तू."

टँकरच्या केबिनमध्ये भामा आमच्या दोघांच्या मध्ये बसली. पाडव्यानंतर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली, आणि मग थांबेचना. "मावशी, त्यो डोंगर बघ, तिथं आमच्या शेळ्या जात्यात. त्यो पिंपळ आमचा न्हाई, काकाचा हाय. हितनं साप गेलता, बानं बघितला." मी या तालुक्यात वर्षानुवर्षं राहत होते, ती मला परमुलखातून आल्यासारखं सगळं दाखवत होती.

वस्तीवर आटलेल्या आडापाशी बायांनी घागरींची रांग लावली होती. त्या दिवशी खडीचं काम बंद होतं. छबुबाई रांगेत होती. तिनं केबिनमधला लाल रंग बघितला आणि घागर तिथेच टाकून धावत आली. भामानं उडी मारली आणि आईच्या गळ्यात पडायला दोन्ही हात वर केले. काखेपासून कमरेपर्यंत फ्रॉक टर्रकन फाटला.

"फाटला गं बया!" छबुबाई हसायला लागली. मग तिला ते पुरळ दिसलं आणि तिचं हसू थांबलं. "मावशी, तुमी उसवून दिला न्हाई व्हय?"

"तिनं हात लावू दिला नाही."

छबुबाईनं पोरीकडे बघितलं. "सैल व्हतोय म्हनाली व्हतीस न्हवं?"

भामा आईच्या पदरात तोंड खुपसून उभी राहिली. छबुबाईनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते मला ओळखीचं होतं. ती म्हणाली, "तुमच्यापाशी ऱ्हाऊन किती उंच झाली. माज्यापाशी आस्ती तर मला कळलं असतं की, मावशी, दोरा कशाला लागला असता."

मी केबिनमधून भामाची पिशवी काढून खाली ठेवली. 

त्यांच्या झोपडीत मला गोधडीची घडी घालून बसवलं. भामानं फाटक्या फ्रॉकवर आईच्या जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळला होता. तिनं तांब्याभर पाणी आणलं, दोन्ही हातांनी पुढे केलं, मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. आश्रुबानं कोरा चहा केला. छबुबाई म्हणाली, "मावशी, आजच्या दिस ऱ्हावा की."

"न्हाई गं आई," भामाच म्हणाली, माझ्या आधी. "तिला जायचंय. तिकडं पोरी हायत."

बाहेर बंकटनं हॉर्न दिला. मी उठले. पुरळाला लावायचं औषध छबुबाईच्या हातात दिलं, दिवसातून दोनदा लावा म्हणून सांगितलं, आणि केबिनमध्ये चढले. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण टँकरला बाहेरून आरसा असतो.

आरशात भामा दिसली. टँकरमागे धावत होती, जीव खाऊन, पदर मागे उडतोय. माझा हात दाराच्या कडीवर गेला. बंकटला थांब म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिच्या हातातली कळशी दिसली. टँकरच्या मागच्या तोटीतून उरलंसुरलं पाणी ठिबकत होतं. भामा वाकून, कळशी पुढे धरून, ते थेंब झेलत पळत होती. मान वर करून तिनं एकदाही केबिनकडे बघितलं नाही.

मी कडीवरचा हात मांडीवर घेतला.

"बंकट, हळू घे जरा."

"कावून मावशी?"

"पुढे खड्डे आहेत."

रस्ता सपाट होता. बंकटनं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा आरशात, आणि गिअर खाली टाकला.