एकेचाळीस कॉलेजांचा तक्ता

मंगळवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी मुलीच्या प्रवेश अर्जातला पसंतीक्रम वडिलांनी कायमचा बंद केला. मुलगी तेव्हा अंघोळीला गेली होती. मुदत पाचपर्यंत होती.

वडील पंपांच्या कारखान्यात खरेदी अधिकारी. तीन दरपत्रकं आल्याशिवाय ते बादलीसुद्धा घेत नाहीत. राज्यातल्या एकेचाळीस आर्किटेक्चर कॉलेजांचा त्यांनी तक्ता केला होता: नाव, गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर मिळाला तो आकडा, आणि फी, वसतिगृह, मेस धरून वार्षिक खर्च. मुलीला परीक्षेत दोनशेपैकी एकशे एकतीस. त्यापेक्षा जास्त गुण मागणारी कॉलेजं त्यांनी आधीच छाटली. उरलेल्यांत सर्वात स्वस्त ते पहिलं. मुलीला हवं असलेलं सरकारी कॉलेज तिच्या हट्टाखातर दुसरं.

तक्ता पालकांच्या ग्रुपवरही गेला होता. दोनशे बारा पालक. तिथे वडिलांना सगळे 'तक्तेसाहेब' म्हणतात, आणि वडीलही ते नाकारत नाहीत.

ओले केस पुसत मुलगी बाहेर आली. पडद्यावर पावती होती.

"बाबा, पहिल्या पसंतीची फी इथे साडेसहा लाख लिहिलीय."

"चाळीस हजार. तक्ता बघ."

मुलीने बघितला. चढत्या क्रमाने लावताना वडिलांनी फक्त खर्चाचा रकाना हलवला होता. नावं जागच्या जागी, वर्णानुक्रमाने. राज्यातली कॉलेजं बाराखडीच्या हिशेबाने महाग होत जातात, यात दोनशे बारा पालकांपैकी कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं.

"आणि हे चौऱ्याऐंशी गुणांवर मिळतं," मुलगी म्हणाली. "म्हणजे मला मिळणारच. पहिली पसंती मिळाली की घ्यायची, नाहीतर यंदाच्या प्रवेशातून बाहेर."

वडिलांनी मदत क्रमांक लावला. आपण रांगेत एकशे सव्विसावे आहात, असं यंत्राने नम्रपणे सांगितलं.

"अहो, एका वॉशरसाठी तीन दुकानं पालथी घालता," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "पोरीच्या पाच वर्षांसाठी नावांचा रकाना हलवायचा राहिला?"

वडिलांनी फोन ठेवला. चेहऱ्यावर थोडा रंग आला.

"थांबा. ग्रुपवर बहुतेकांनी माझाच तक्ता वापरलाय. हे कॉलेज सगळ्यांनी पहिलं टाकलं असणार. जागा फक्त साठ. एकशे एकतीसच्या वरची साठ मुलं तिथे गेली, की हिचा नंबर कटला. मग सरळ दुसरी पसंती. सरकारी!"

"म्हणजे गप्प बसायचं?" मुलीने विचारलं.

"पाचपर्यंत. चूक आहे खरी, पण सध्या आपल्या बाजूची आहे."

"आणि त्या साठ जणांनी साडेसहा लाख भरायचे?"

"त्यांनीही बघायला हवं होतं. फुकटचा तक्ता मिळाला की माणसं डोळे मिटतात." हे ते मनापासून चिडून म्हणाले.

"ग्रुपवर माझ्या क्लासमधल्या निम्म्या मुलांचे आईबाप आहेत, बाबा."

"तुझ्या कॉलेजचं काय मग?"

आईने टेबलावरचा वडिलांचा फोन उचलून मुलीच्या हातात दिला. वडील "अगं, अगं" म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

चार सत्तावन्नला वडिलांच्या नावाने संदेश गेला: 'तक्ता चुकीचा आहे. खर्चाचे आकडे भलत्याच कॉलेजांपुढे आहेत. अर्ज बंद केला नसेल तर लगेच तपासा.'

पाच वाजता अर्जाची खिडकी बंद झाली. तोवर एकवीस जणांनी संदेश वाचला होता. त्यांतल्या कितींचे अर्ज उघडे होते, ते कळलेलं नाही. एकाने विचारलं, "साहेब, सुधारित तक्ता कधी टाकताय?"

यादी शुक्रवारी लागेल. पुन्हा लावलेल्या मदत क्रमांकावर सहा वाजता वडील रांगेत एकोणनव्वदावे होते.