शेवटपर्यंत फिरवलेलं बटण

मित्रांनो, माझा जन्मच लाथा खाण्यासाठी झाला. मी एकोची, म्हणजे प्रतिध्वनी काढणारी, एक जुनी डबी आहे. गिटारची वायर माझ्या एका कानात शिरते आणि दुसऱ्या कानातून निघून अॅम्प्लिफायरकडे जाते. वाजवणाऱ्याने बुटाचा टोला हाणला की मी जागी होते आणि प्रत्येक सूर तीन-तीनदा म्हणून दाखवते. त्या लाथांचं मला कधीच वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते एकाच दिवसाचं.

न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर पोलादाच्या कारखान्याभोवती वसलेल्या गावात लेन्काने मला घडवलं. लेन्का कारखान्यात वायरिंगचं काम करायची. त्या खात्यात ती एकटीच बाई. भंगारातला पत्रा कापून, ठोकून, त्याला भोकं पाडून तिने माझं अंग बनवलं आणि तापल्या लोखंडाचे चटके देत पोटात तारा जोडल्या. हे सगळं आईच्या स्वयंपाकघरात चाललं होतं, कारण शेगडीवर वर्षभराच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजायला दुसरं कोणी नव्हतं. घर मॅसेडोनियाहून आलेल्यांचं. मिरच्यांचं पोतं संपल्याशिवाय तिथे कोणाची सुटका नसे.

लेन्काला दोन भाऊ. थोरला ब्लागोया अकरा वर्षं भट्टीवर होता आणि बँडमध्ये गायचा. धाकटा क्रस्ते गिटार वाजवायचा. त्याच्या पायाशी आम्ही दोघी असायचो: आधी पिवळ्या रंगाची दुसरी डबी, मग मी. पिवळी गिटारचा आवाज वाढवून माझ्याकडे पाठवायची. तिचं बटण अर्ध्यावर ठेवायचं, हे क्रस्तेला पक्कं ठाऊक होतं. त्याहून जास्त लोट आला की माझ्या पोटात मावत नाही आणि मी फाटक्या पत्र्यासारखी खरखरते.

त्या शनिवारी दुपारी पबमध्ये बँडची चुरस होती. जिंकणाऱ्यांना सिडनीच्या मोठ्या स्टेजवर जागा मिळणार होती. हरले तर क्रस्तेने सोमवारी भट्टीवर रुजू व्हायचं, असं बापाने ठरवून टाकलं होतं. क्रस्तेने सगळं जुळवलं, वाजवून पाहिलं आणि तो पाणी प्यायला गेला. तेवढ्यात ब्लागोया आला. त्याने गिटारची तार छेडली, कपाळाला आठी घातली आणि पिवळीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मी बघत होते, पण मला बोलायला तोंड कुठे आहे!

पहिल्याच गाण्यात मी किंचाळले. त्या पबात आवाज आवडला नाही तर बियरचे डबे भिरकावत, तेही भरलेले. एक ड्रमवर आदळला, दुसऱ्याने ब्लागोयाची भुवई फोडली. क्रस्तेने धावपळ करत माझी बॅटरी बदलली. खरखर तशीच. समोरच्या बँडमधला केव्ह भला माणूस. त्याने धावत येऊन स्वतःची वायर दिली.

"ही लाव, नवीन आहे," केव्ह म्हणाला.

तरी खरखर तशीच. ब्लागोयाच्या डोळ्यांत रक्त उतरत होतं. त्याला केव्हची वायर तेवढी दिसली.

"ह्यानेच वाट लावली! हरायची भीती वाटते काय रे तुला?"

"अरे बाबा, मी मदत करतोय!"

पुढचं वाक्य केव्हला बोलता आलं नाही. ब्लागोयाने त्याच्या नाकावर ठोसा मारला, तो पडला तरी बरगडीत लाथ घातली. मग माइकचा लोखंडी दांडा उपसून डोक्यावर उगारला. क्रस्ते मध्ये पडला. "दादा, नको!" म्हणत त्याने डावा हात वर केला. दांडा त्या हातावर बसला. मित्रांनो, हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. झटापटीत माझी वायर निखळली नसती तर तोही मी तीनदा म्हटला असता.

क्रस्तेला दवाखान्यात नेलं. लेन्का मागे राहिली, आणि फुटलेली भुवई दाबून धरत ब्लागोयाही. रडत रडतच तिने सगळ्या वायरी उपटल्या. गिटार थेट अॅम्प्लिफायरला जोडली: आवाज स्वच्छ. मधे मला एकटीला घातलं: स्वच्छ. मग पिवळीला पुढे लावलं आणि मी पुन्हा किंचाळले. तिने खाली वाकून पाहिलं. बटण टोकाला होतं आणि त्यावर भट्टीच्या काजळीचा जाड अंगठा उमटला होता. चूक शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. एवढ्यासाठी एका माणसाचं नाक आणि एकाची बोटं गेली.

"दादा, हे तू फिरवलंस?"

"काय म्हणालीस?"

"हे बटण! तू फिरवलंस का?" ती ओरडली.

"गिटार कुठे ऐकू येत होती? म्हणून वाढवली. मला तर छान लागत होतं." मग तो खाली बसला. "दोन वर्षं झाली, लेन्का. भट्टीच्या दणदणाटाने कान गेले, वरचे सूर ऐकूच येत नाहीत. गाणाऱ्याने ते कोणाला सांगायचं?"

त्या दिवसापासून मी घराच्या दाराजवळच्या फळीवर आहे. पोटातली तार गंजली, पण कोणी उघडून बघत नाही. क्रस्तेची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. प्लास्टर निघालं आणि तो भट्टीवर रुजू झाला.

मित्रांनो, आवाज बिघडला तर हात उगारण्याआधी एकेक डबी काढून पाहा, आणि सुरुवात स्वतःच्या बटणापासून करा. आपल्याला ऐकू येत नसेल तर लाजू नका, सांगा.

रोज सकाळी दोघे भाऊ माझ्या फळीखालूनच कामावर निघतात. दारात ब्लागोया थांबतो आणि क्रस्तेच्या कानांवर जाड कानझाकण्या स्वतः चढवतो, दोनदा दाबून बघतो. क्रस्ते मान खाली घालून उभा राहतो. हात मात्र तेच असतात, दांडा उगारणारे.