लाल पट्टा

"म्हणजे उभं राहिलं तरी खातं?" कॅप्टनीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"उभं राहिलं तरी खातं, वहिनी," मेकॅनिक म्हणाला. "उडालं तर जास्त खातं, एवढंच."

हँगरच्या पत्र्याखाली एका लोखंडी टेबलाभोवती तिघं बसले होते. बाई, त्यांचे बँकेतले जावई आणि मेकॅनिक. समोर ते विमान उभं होतं. नऊ माणसांचं, नाकावर एकच मोठा पंखा असलेलं. बाईंच्या यजमानांनी, कॅप्टननी, ते उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पलीकडच्या बेटांवर औषधं न्यायची, टपाल न्यायचं, कोंबड्यांची खुराडी न्यायची, येताना एखादा पेशंट आणायचा. मग एका पहाटे ते झोपेतच गेले आणि विमान बाईंच्या नावावर आलं. दुपारी त्याला गिऱ्हाईक येणार होतं.

विकायला बाईंची ना नव्हती. उडवणाराच गेला, मग ठेवून काय करायचं? पण विकण्याआधी त्यांना एकच गोष्ट समजून घ्यायची होती. या विमानानं इतकी वर्षं घर पोसलं, की घरानं विमान पोसलं? गाव त्यांना कॅप्टनीणबाई म्हणे आणि त्यांचा संसार आकाशातून चालतो असं समजे. खरं सांगायचं तर बाईही तसंच समजत होत्या. त्यांचं आपलं शिवण. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. वरखर्चाला.

जावईबापूंनी चहाचे कप मांडून समजावलं. विमा, हँगरचं भाडं, वर्षाची तपासणी, वैमानिकाचं दर वर्षीचं प्रशिक्षण, हे कप भरायचेच, विमान उडो न उडो. म्हणून जितकं जास्त उडेल तितका तासाचा खर्च कमी. बाईंना हे पटलं. म्हणजे सारखं उडवायचं.

"तसं नाही," मेकॅनिक म्हणाला. इंजिनाला ठरावीक तासांचं आयुष्य असतं. तेवढे तास भरले की ते पूर्ण उघडून नवं केल्यासारखं करायचं, आणि त्या खर्चात एक घर येतं. म्हणून उडालेल्या प्रत्येक तासामागे पैसे बाजूला टाकत जायचे. इंधन ते वेगळंच.

"बरं, मग नाही उडवायचं."

"नाही उडवलं तर आतून गंजतं."

बाईंचं डोकं गरगरलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असलं हे जनावर त्यांच्या नवऱ्यानं दारात बांधलं होतं. "हे सगळं बाजूला टाकल्यावर हातात काय राहायचं?" त्यांनी विचारलं. जावईबापू कप पुन्हा मोजू लागले.

बाईंची नजर पंख्याकडे गेली. एका पात्याला जाड लाल पट्टा बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक खाली विमानाच्या अंगाला अडकवलं होतं. पट्टा त्यांचाच होता. दर वर्षी कॅप्टन नवा शिवून मागत. लाल कशाला विचारलं, तर म्हणत, सोडायचा विसरू नये म्हणून. बाईंना वाटे, शोभेचा असेल. आज मेकॅनिकनं सांगितलं की इंजिन बंद असलं तरी हा पंखा वाऱ्यानं फिरतो, आणि तेव्हा तेल पोचत नाही, आतले भाग कोरडे घासतात. म्हणून बांधायचा.

"हा कुठल्या कपात?" बाईंनी विचारलं.

"तो धरलाच नाही," जावईबापू म्हणाले. "तो घरून यायचा ना."

इंजिन उघडलं ते वर्ष बाईंना आठवलं. त्या वर्षी त्यांनी इस्पितळाच्या सगळ्या चादरी शिवायला घेतल्या होत्या, पाठ मोडेपर्यंत, आणि कॅप्टन म्हणाले होते, तेवढाच तुला विरंगुळा. आत्ता त्यांना त्या विरंगुळ्याचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसावर रागवावं कसं, तेही कळेना.

"खरं सांगा," त्या मेकॅनिकला म्हणाल्या. "घर कशावर चाललं?"

मेकॅनिकनं मान खाजवली. "विमान आपल्यापुरतं कमवायचं, वहिनी. कधी कधी तेवढंही नाही. साहेब म्हणायचे, आमच्या घरचं इंजिन कधी उघडावं लागत नाही."

बाईंना हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाच समजलं नाही. हे त्यांना तोंडावर का नाही सांगितलं कुणी?

दुपारी गिऱ्हाईक आलं. चांगला माणूस होता. विमानाभोवती हळूहळू फिरला, मेकॅनिकला नोकरीवर ठेवतो म्हणाला, किमतीसाठी फार ताणलं नाही. जावईबापूंनी सह्यांचं पाहिलं. जाता जाता गिऱ्हाइकानं लाल पट्ट्याला हात लावला.

"हा यातच आला ना?"

"नाही," बाई उठल्या. "तो माझा आहे."

त्यांनी पट्टा सोडला, घडी केली आणि काखेत धरला. उघड्या दारातून वारा आत आला आणि पंखा फिरू लागला. आधी इतका सावकाश की भास वाटावा, मग जरा वेगानं, अजिबात आवाज न करता. मेकॅनिक एक पाऊल पुढे झाला आणि बाईंकडे बघून थांबला.

बाई बघत राहिल्या. राग होताच. पण आत काहीतरी कोरडं घासत असणार, हे आता त्यांना माहीत झालं होतं आणि ते त्यांना बघवेना. पंख्याचा वेग उतरल्यावर त्यांनी पात्याला तळहात लावला. ते थांबलं. त्यांनी पट्टा होता तसा बांधला आणि टोक ओढून घट्ट केलं.

"उन्हानं वर्षभरात विरतो," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "दर वर्षी नवा लागेल. आता पैसे पडतील."

"किती?"

बाईंनी जावयाकडे पाहिलं, मेकॅनिककडे पाहिलं. त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. गावाच्या शिवणाचे दर बाईंना पाठ होते, याचा दर कधी लावलाच नव्हता. "सांगते," त्या म्हणाल्या आणि मनाशी जुळवू लागल्या. कापड धरलं, दोरा धरला. मजुरीपाशी येऊन त्या थांबल्या.